‘नम्र’ आणि ‘दीन’ : पंडिता रमाबाईंच्या भाषादृष्टीचा एक विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (१६१६) रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांपर्यंतच्या काव्याची रसदृष्ट्या चिकित्सा हे एक अंग. आणि मिशनरी मंडळींनी कोश, व्याकरणे व नियतकालिके यांच्या द्वारा मराठी गद्याला जो हातभार लावला त्याची ऐतिहासिक नोंद हे दुसरे. या वाङ्मयातील नीतिवाचक शब्दांचा अर्थविचार त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः ज्या धर्माने गर्वाला अधःपाताचे मूळ मानले आणि सेवा हेच मोठेपणाचे लक्षण ठरविले, त्या धर्माला मराठीत बोलते होताना ‘गर्व’, ‘नम्रता’, ‘सेवा’ हे शब्द कोणत्या अर्थच्छटांसह हाती आले, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. शब्दाला जी वळणे आधीच पडलेली असतात ती उपदेशालाही आपल्या वळणावर नेतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनाच्या व भाषांतरकार्याच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. प्रचलित मराठी बायबलात या गुणासाठी ‘नम्र’, ‘लीन’, ‘सौम्य’ आणि ‘दीन’ असे चार शब्द वावरतात. ‘नम्र’ हा ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूपासून आलेला. वाकणे ही क्रिया आहे, आणि ती करणारा मुळात ताठ उभा असावा लागतो. म्हणूनच राजा नम्र असू शकतो, विद्वान नम्र असू शकतो, किंबहुना नम्रता त्यांनाच विशेष शोभते अशी आपली समजूत आहे. फळांनी लवलेल्या वृक्षाचा जो दृष्टान्त सुभाषितांत वारंवार येतो त्यातही आधी फळे आहेत, मग वाकणे. ‘लीन’ या शब्दात ‘ली’ धातूचा चिकटण्याचा, विरघळण्याचा अर्थ आहे. भक्तीची आर्द्रता त्याला सहज लाभली आहे. ‘सौम्य’ हा स्वभाववाचक. ‘दीन’ मात्र या तिघांहून वेगळा आहे. त्यात क्रिया नाही, स्वभाव नाही. आहे ती अवस्था. दीन मनुष्य वाकत नाही. तो खालीच असतो. त्याच्याविषयी आपण दया दाखवितो, त्याचा आदर्श पुढे ठेवीत नाही.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ज्या शब्दाने हा गुण सांगितला आहे तो ‘तापैनोस’ आपल्या ‘नम्र’पेक्षा ‘दीन’च्या अधिक जवळचा आहे. खालचा, सखल, हलक्या दर्जाचा असा त्याचा अर्थ. ख्रिस्तपूर्व ग्रीक वाङ्मयात तो बहुधा हेटाळणीच्या छटेने येतो. लॅटिन ‘ह्यूमिलिस’चेही तसेच, त्याच्या मुळाशी ‘ह्यूमस’ म्हणजे माती आहे. प्रतिष्ठितांच्या भाषेत जो शब्द उणेपणाचा होता तोच सद्गुणवाचक व्हावा, हे त्या धर्माने घडविलेले मोठे अर्थांतर होय. मराठीत ते अर्थांतर पुरते घडले नाही, कारण त्याची गरजच भासली नाही. ‘नम्र’ हा सुसंस्कृत, प्रतिष्ठित शब्द हाताशी तयार होता.

‘दास’ शब्दाचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मोठे होऊ पाहणाऱ्या शिष्यांना ख्रिस्ताने दोन पायऱ्या सांगितल्या आहेत : पहिलीसाठी ग्रीकात ‘दिआकोनोस’, म्हणजे पंगतीत वाढणारा, सेवा करणारा, दुसरीसाठी ‘दूलोस’, म्हणजे विकत घेतलेला गुलाम. मराठीत त्यांची जागा ‘सेवक’ व ‘दास’ या शब्दांनी घेतली. भाषांतर चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या समाजात समर्थांचे नावच ‘रामदास’ आहे, तेथे ‘दास’ ही पदवी झाली आहे. पुणे जिल्ह्यातील खोडदसारख्या गावी हरिनाम सप्ताहातली कीर्तने ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ‘दास व्हा’ असे सांगितले तर त्याला त्यात काही भयंकर सांगितले जात आहे असे वाटणार नाही. देवाचा दास होणे ही भाग्याची गोष्ट आहे हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. मूळ वचनाचा चटका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. तेथे देवाचे नव्हे, ‘सर्वांचे’ दास व्हावयाचे आहे. वारकरी संतांनी लहानपण मागितले आणि वैष्णवांच्या पायाची धूळही मस्तकी धरली. तरीही व्यवहारात कोणाच्या विहिरीवर कोणी पाणी भरावे हा प्रश्न शिल्लकच राहिला. दास्याची दिशा वर असली की ते गोड लागते. ती आडवी किंवा खाली वळली की समाज अस्वस्थ होतो.

यात आणखी एक अडचण ‘अभिमान’ या शब्दाची आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात अभिमानाची गणना आसुरी संपत्तीत केलेली असली तरी आधुनिक मराठीत देशाभिमान, भाषाभिमान, स्वाभिमान या सामासिक शब्दांनी त्याला सद्गुणांच्या पंक्तीत आणून बसविले. वाईट अर्थ दाखवावयाचा तर ‘दुरभिमान’ असा उपसर्ग लावावा लागतो. तेव्हा मराठीत गर्वाचा निषेध करणाऱ्याला प्रथम हे ठरवावे लागते की त्यागावयाचा गर्व कोणता आणि राखावयाचा अभिमान कोणता. हा निवाडा उपदेशकाने करावा, अधिकाऱ्याने करावा, की ज्याचा त्याने करावा, हाच रमाबाईंच्या चरित्रातील कळीचा प्रश्न आहे.

रमाबाईंच्या आयुष्याचा आरंभ संस्कृतात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेने ते रमेला दिले. तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगणे हीच या कुटुंबाची उपजीविका होती. संस्कृत ही त्यांची विद्या, प्रतिष्ठा आणि भाकरीही. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात ही भाकरी संपली आणि आई, वडील व बहीण अशी तिघे भुकेने व त्यातून आलेल्या आजाराने गेली. पुढे १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या एका इंग्रजी निवेदनात रमाबाईंनी या प्रसंगाचा जो अर्थ लावला आहे तो असामान्य आहे. दैवाला, सावकाराला किंवा सरकारला त्या दोष देत नाहीत. जातीचा आणि श्रेष्ठ विद्येचा गर्व आडवा आला, म्हणून एखादा हातचा धंदा शिकण्यासाठी आपण खाली वाकलो नाही, आणि वाकलो असतो तर आईवडिलांचे प्राण कदाचित वाचले असते, असा त्या कथनाचा आशय आहे. गर्वाचा विचार येथे पारलौकिक पापपुण्याच्या कक्षेतून निघून अन्नाच्या कक्षेत आला आहे. ‘वाकणे’ या शब्दाचा अर्थही बदलला आहे : नमस्कारासाठी वाकणे वेगळे, कामासाठी वाकणे वेगळे. पहिले त्या कुटुंबाला उत्तम येत होते.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पहिल्या मराठी पुस्तकात ही पंडिता स्पष्ट दिसते. शैली संस्कृतप्रचुर, भूमिका उपदेशकाची. भगिनींच्या अज्ञानाबद्दल कळवळा आहे, पण तो उच्चासनावरून व्यक्त होतो, आणि त्यांच्या दुःस्थितीचा बराचसा दोष त्यांच्याच माथी मारला जातो. पुस्तक स्त्रियांसाठी असले तरी त्याची भाषा कळण्यासाठी स्त्रीला आधी बरेच शिकावे लागले असते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘माझी साक्ष’ (१९०७) या आत्मनिवेदनात त्यांनी या काळातील एक अनुभव विशेष गौरवून सांगितला आहे. वाँटेजच्या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया अशा स्त्रियांची सेवा आपल्या हातांनी करतात हे पाहून त्या थक्क झाल्या. याचे कारण विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. म्हणजे सिद्धान्ताच्या आधी त्यांनी कृती पाहिली आणि कृतीवरून ग्रंथाकडे गेल्या. शास्त्रार्थात वाढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा क्रम लक्षणीय म्हटला पाहिजे.

परंतु ज्या भगिनींच्या सेवेने रमाबाईंना जिंकले त्यांच्याशीच पुढे त्यांचा तीव्र मतभेद झाला. सिस्टर जेराल्डाइन यांनी जपलेला हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या प्रकरणाचा विचार साधार करणे शक्य झाले आहे. वादाचे विषय वरवर किरकोळ होते. चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात अध्यापन करीत असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नसावीत, असे रमाबाईंनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका काढल्या. या प्रत्येक वेळी वडीलधाऱ्या भगिनीचा आक्षेप जवळजवळ एकच होता : हा गर्व आहे, नवशिष्येला हवी ती नम्रता हिच्यात नाही. रमाबाईंचे उत्तरही ठाम होते. स्वदेशातील पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली व्यक्ती तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. ख्रिस्ताच्या मंडळीत असणे म्हणजे धर्माधिकाऱ्यांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानणे नव्हे.

या वादाचे मर्म असे की दोन्ही पक्ष एकाच सद्गुणाचे नाव घेऊन दोन भिन्न गोष्टी मागत होते. संस्कृतात ‘विनय’ शब्दाचे जे दोन अर्थ आहेत, शिस्त आणि नम्रता, त्यांचीच येथे गल्लत झाली. सिस्टर जेराल्डाइनना हवा होता तो शिस्तीचा विनय. त्याची दिशा वर, अधिकाराकडे. आणि येथे न्यायाने हेही म्हटले पाहिजे की त्यांनी स्वतः तो विनय आजन्म पाळला होता. शिष्येकडून त्या आपल्यापेक्षा अधिक काही मागत नव्हत्या. मात्र मागणी करणारी व्यक्ती सत्ताधारी राष्ट्रातील आणि जिच्याकडे मागणी होते ती पराधीन देशातील विधवा, अशा नात्यात ‘नम्र हो’ या आज्ञेत धर्म किती आणि सत्ता किती हे निवडणे कठीण असते. संस्कृत अक्षरांचा आग्रह हा दुरभिमान की स्वाभिमान? मराठीतील ‘अभिमान’ शब्दाची जी द्विधा वर सांगितली तीच येथे प्रत्यक्ष आयुष्यात उभी राहिलेली दिसते.

जी स्त्री १८८० नंतरच्या दशकात लॅटिनसमोर संस्कृतसाठी उभी राहिली तिनेच पुढे केडगावला आपले संस्कृत स्वेच्छेने खाली ठेवले, ही घटना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी केडगावचे ‘मुक्ति’ वसले. समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. त्यात फुलहॅमची आठवण उघड आहे. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी हाताची कामे तेथे शिकविली जात. त्यात आईवडिलांच्या मृत्यूची. ज्या धंद्यांसाठी डोंगरे कुटुंब वाकले नव्हते ते धंदे आता शिक्षणाचा गाभा झाले.

याच परिसरात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बायबलच्या नव्या मराठी भाषांतराला आरंभ झाला. त्यासाठी रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतराविषयी त्यांचे दोन आक्षेप होते : त्यातील संस्कृत शब्द साध्या बाईला कळत नाहीत, आणि कित्येक शब्दांना हिंदू दर्शनांतील अर्थ चिकटलेले असल्याने मूळ आशय झाकला जातो. दुसरा आक्षेप पंडितेचा आहे, पहिला पंडितेने स्वतःविरुद्ध घेतलेला आहे. हजारो श्लोक ज्यांच्या मुखोद्गत होते त्यांना संस्कृत शब्द टाळणे हे शिकलेले विसरण्याइतकेच अवघड. शब्दसंपत्ती नसलेल्या लेखकाची भाषा सोपी असते त्यात त्याचे काही कर्तृत्व नाही. येथे संपत्ती असून ती न वापरण्याचा निश्चय आहे. फिलिप्पैकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला ‘रिक्त’ केले आणि ‘दासाचे स्वरूप’ घेतले असा जो विचार आहे, त्याचे भाषिक रूप कोणते असू शकेल असा प्रश्न कोणी विचारला तर मराठीपुरते त्याचे उत्तर या भाषांतराच्या संकल्पनेत सापडते. ज्या श्रोत्रीसाठी हे भाषांतर होते ती दुष्काळातून उचलून आणलेली, बहुधा परभाषिक, अक्षरओळखीच्या उंबरठ्यावरची मुलगी होती. तिचे मराठी जेथे संपते तेथे रमाबाईंनी आपले मराठी थांबविले.

या ग्रंथाची छपाईही ‘मुक्ति’च्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्या तेथील मुली व स्त्रियाच होत्या. मृत्यूपूर्वीच्या दिवसांपर्यंत रमाबाई मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

आता वाङ्मयदृष्ट्या या भाषांतराचे मूल्य काय? येथे भक्तिभाव बाजूस ठेवणे इष्ट. मूळ शब्दाला घट्ट धरून राहण्याचा व त्याच वेळी भाषा साधी ठेवण्याचा दुहेरी संकल्प त्यांना पेललेला दिसत नाही. शब्दशः निष्ठा वाक्यरचनेला अवघडवते; आणि साधेपणा ठरवून आणला की त्याला बोलीचा सहजपणा राहत नाही. स्तोत्रसंहितेसारख्या काव्यमय भागात तर ही उणीव प्रकर्षाने जाणवते. मंडळींच्या उपासनेत हे भाषांतर रूढ झाले नाही. बायबल सोसायटीची आवृत्तीच चालत राहिली. दुसऱ्या आक्षेपातही एक दुराग्रह आहे. हिंदू अर्थाने रंगलेला प्रत्येक शब्द गाळावयाचा म्हटले तर मराठीत धर्माविषयी बोलण्यास शब्द उरणे कठीण. ‘देव’ शब्दही त्यातून सुटणार नाही.

या बाबतीत टिळकांचा (१८६१–१९१९) मार्ग नेमका उलट होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची धारणा होती, आणि म्हणून दास्य, लीनता, पायरज या साऱ्या भक्तिपरिभाषेचा त्यांनी निःशंकपणे स्वीकार केला. ‘अभंगांजली’तील रचना आजही गायिल्या जातात, रमाबाईंच्या भाषांतराला तसे भाग्य लाभले नाही. परंतु ज्या सुलभतेने टिळकांचा अभंग श्रोत्याच्या अंतःकरणात शिरतो तिच्यामुळेच वर निर्दिष्ट केलेला धोकाही येतो : दास्य मधुर होते, त्याची दिशा पुन्हा वर वळते. टिळकांना याची जाणीव असावी. १९१७ मध्ये मिशनची वेतनी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यामागे ‘सेवक’ हा शब्द हुद्द्यातून सोडवून घेण्याची धडपड होती असे म्हणण्यास जागा आहे.

टिळकांच्या काव्यातील लीनतेवर सर्वोत्तम भाष्य मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) आहे, आणि ते भाष्य म्हणून लिहिलेले नाही. पतीचा उल्लेख त्या सर्वत्र ‘टिळक’ असा आदरार्थी बहुवचनी करतात; आणि तेच बहुवचन कायम राखून त्यांचा संताप, लहर, हट्ट हे सारे सांगतात. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची कथा त्यांनी ज्या मिस्किलपणे रंगविली आहे तीत जातीचा गर्व गळून पडण्याची वेदना विनोदाआड झाकलेली आहे. ‘मी नम्र झाले’ असे त्यांना कोठेही म्हणावे लागत नाही. रमाबाईंनी जे निश्चयाने साधू पाहिले ते घरगुती मराठी लक्ष्मीबाईंना जात्याच अवगत होते. त्यांना टाकावयाचे संस्कृत नव्हते.

एक शेवटचा मुद्दा रमाबाईंच्या सेवेविषयीच उपस्थित करणे प्राप्त आहे. दुष्काळग्रस्त मुलीला अन्न, वस्त्र, अक्षर आणि धर्म ही एकाच हातून मिळतात तेव्हा त्या हाताला नकार देण्याचे स्वातंत्र्य तिला कितपत असते? १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात जो क्षोभ झाला आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्यात सनातन्यांच्या द्वेषाचा भाग वगळला तरी हा प्रश्न उरतोच. केडगावला तो अधिक तीव्र होतो, कारण तेथे परत जाण्यास बहुतेकींना घर नव्हते. जी वाँटेजमध्ये शिष्या होती ती येथे सर्वाधिकारी होती. सिस्टर जेराल्डाइनला रमाबाईंनी जे पत्रोत्तर लिहिले तसे पत्र ‘मुक्ति’तील एखाद्या मुलीने रमाबाईंना लिहिले असते तर त्यांनी ते कसे वाचले असते, हे सांगता येत नाही. १९०५ मध्ये तेथे जे धर्मजागरण झाले त्यात अशिक्षित मुली उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पश्चात्ताप बोलून दाखवू लागल्या, आणि रमाबाईंनी त्यांना थोपविले नाही, एवढे मात्र नमूद आहे. त्या मुलींची ती प्रार्थना कोणत्या मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत झाली असेल याचा विचार १९२४ च्या भाषांतराच्या अभ्यासकाने अवश्य करावा. त्या संहितेची प्रचलित आवृत्तीशी अध्यायवार तुलना करून ‘दीन’, ‘लीन’ व ‘नम्र’ यांची योजना कोठे कशी बदलली आहे हे पाहण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी ग्रीक येत नसले तरी मोल्सवर्थचा कोश उशाशी असावा.